पेटींतले थर आणि त्यांची जुळणी

नाशिकरोडचें नांव निघालें कीं बाहेरगांवच्या माणसाला चलनी नोटा आठवतात. १९२५ सालीं येथें सरकारी सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि १९२८ सालीं नोटा छापणारा दुसरा प्रेस चालू झाला; त्यापूर्वीं या देशाच्या चलनी नोटा आणि बहुतेक टपाल-तिकिटें विलायतेंत छापून बोटीनें येत असत. गांवांतील लोक या दोन्ही कारखान्यांस ‘प्रेस’ या एकाच शब्दानें ओळखतात. छपाईच्या धंद्यांत एक शब्द सदैव कानीं पडतो. तो म्हणजे ‘रजिस्टर’. हजेरीच्या वहीशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. एका छापावर दुसरा छाप, दुसऱ्यावर तिसरा, असे थर चढवीत असतां प्रत्येक थर आपल्या नेमक्या जागीं बसणें, याला छपाईवाले रजिस्टर म्हणतात. कोणतीहि नोट उजेडासमोर धरून पाहावी. पुढच्या अंगावर एका लहानशा आकृतीचे कांहीं तुकडे दिसतात, उरलेले तुकडे मागच्या अंगावर असतात, आणि प्रकाश आरपार आला म्हणजे दोन्ही मिळून एक आकडा पुरा होतो. केसाएवढा फरक पडला तरी आकडा तुटका दिसावयाचा. शंभर वर्षें हें गांव थरावर थर नेमका बसविण्याच्या विद्येवर पोट भरीत आलें आहे.

आतां याच गांवीं तयार होणाऱ्या एका वस्तूंत शाईच्या थरांबरोबर विजेचाहि एक थर येऊन बसला आहे. ती वस्तु म्हणजे ई-पासपोर्ट. तिच्याकडे शेवटीं वळावयाचें आहे; परंतु तिचें मर्म कळण्यासाठीं, विजेच्या यंत्रांच्या पेटींत थर कसे रचतात आणि ते जुळवितात कसे, हें आधीं पाहिलें पाहिजे. विषय वरवर कारागिराचा दिसतो. पण ज्या घरांत रेडिओ आहे, विजेचें मीटर आहे, कानाला लावावयाचें किंवा रक्तदाब मोजावयाचें यंत्र आहे, त्या घराचा या कारागिरीशीं रोजचा संबंध येतो.

यांपैकीं कोणतीहि पेटी उघडली कीं आंत बहुधा हिरव्या रंगाचे पातळ तक्ते दिसतात. त्यांना सर्किट-बोर्ड म्हणतात. पूर्वीं यंत्राच्या आंत एक एक तार हातानें जोडावी लागे, आणि आंतला भाग सुगरणीच्या खोप्यासारखा गुंतागुंतीचा दिसे. १९३६ च्या सुमारास पॉल आयस्लर नांवाच्या, व्हिएन्नाहून लंडनला गेलेल्या इंजिनियरानें एक युक्ति पुढें आणली: तक्त्यावर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवावा, हव्या त्या रेषा ठेवून बाकीचें तांबें काढून टाकावें, आणि तारांचें काम त्या रेषांकडून करवून घ्यावें. या गृहस्थाला छापखान्याच्या कामाची माहिती होती, आणि त्याची युक्तीहि छापखान्याचीच होती. आजचा सामान्य बोर्ड कांचेच्या तंतूंचें कापड व राळेसारखें रसायन यांचा बनविलेला असतो आणि त्याची जाडी बहुधा १.६ मिलिमीटर असते.

एका बोर्डावर सारें काम मावलें तर प्रश्नच नाहीं. पण पेटी लहान आणि काम मोठें, अशी स्थिति नेहमींच येते. शहरांत जागा अपुरी पडली कीं घरावर मजले चढतात. पेटींतहि तसेंच होतें. एका बोर्डावर चार खांब उभे करून दुसरा बोर्ड बसवितात, त्यावर तिसरा. ही कल्पना नवी नाहीं. अमेरिकेच्या आरमारासाठीं तेथील राष्ट्रीय मानक-संस्थेनें ‘टिंकरटॉय’ नांवाची एक योजना हातीं घेतली होती आणि १९५३ सालीं ती जाहीर झाली. तींत पाऊण इंचाहून किंचित् मोठ्या अशा चौकोनी चिनीमातीच्या चकत्या, चार ते सहा, एकावर एक रचीत आणि त्यांच्या कडांवरील खांचांत उभ्या तारा बसवून सर्वांस जोडीत. पुढें १९९२ सालीं ‘पीसी/१०४’ नांवाचा एक नमुना ठरला. त्यांत ९० बाय ९६ मिलिमीटरचे बोर्ड १०४ पिनांच्या जोडणीनें एकमेकांच्या डोक्यावर बसतात. निरनिराळ्या कारखान्यांचे बोर्ड असले तरी एका रचनेंत जुळतात, कारण भोंकांच्या जागा व दोन मजल्यांमधील अंतर आधींच ठरलेलें असतें.

आतां अडचण कोठें येते तें पाहूं. जगांत कोणतीहि वस्तु सांगितलेल्या मापाची तंतोतंत होत नाहीं. बोर्डाची जाडी १.६ मिलिमीटर म्हटली तरी तींत सामान्यतः एकदशांश कमीजास्त चालतें, म्हणजे ०.१६ मिलिमीटर इकडे किंवा तिकडे. पितळेचा खांब घेतला तर त्याच्या उंचींत ०.१ मिलिमीटरचा फरक समजावा. तीन खांब व तीन बोर्ड एकावर एक रचले, आणि दुर्दैवानें सर्वच चुका एकाच बाजूला झाल्या, तर माथ्यावर ०.७८ मिलिमीटरचा फरक पडतो. गणितज्ञ म्हणतात, सर्व चुका अशा एकमतानें वागत नाहींत. एक कमी तर दुसरी जास्त, असेंच बहुधा व्हावयाचें. म्हणून ते प्रत्येक चुकीचा वर्ग करून त्यांची बेरीज घेतात व तिचें वर्गमूळ काढतात. त्या हिशेबानें फरक ०.३३ मिलिमीटरच्या आसपास येतो. पण तेवढाहि पुरेसा त्रासदायक आहे. वरच्या बोर्डावर बसविलेलें बटण पेटीच्या झांकणांतील भोंकासमोर येत नाहीं. आलेंच तर कडेला घासतें, आणि एकदां दाबलें कीं अडकून राहतें.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे प्रत्येक भाग अधिक काटेकोर करणें. तो खर्चाचा आहे आणि पुरा पडत नाहीं. शहाणा कारागीर निराळा मार्ग धरतो. बटण झांकणाशीं जुळावयाचें असेल, तर बटणाचा बोर्ड तो मनोऱ्याच्या माथ्यावर न ठेवतां सरळ झांकणालाच बसवितो, आणि खालच्या बोर्डांशीं त्याचा संबंध लवचिक पट्टीनें जोडतो. ज्यांना एकमेकांशीं जुळावयाचें आहे त्यांच्यामध्यें कमींत कमी मध्यस्थ ठेवावे, हें या धंद्यांतलें पहिलें सूत्र होय.

दुसरें सूत्र देवघरांतल्या चौरंगापासून शिकतां येतें. चौरंगाचा एक पाय जरासा आंखूड असला कीं तो डगमगतो. तीन पायांची तिवई कशाहि जमिनीवर ठेवा, ती डगमगत नाहीं. सर्किट-बोर्ड बहुधा चार कोपऱ्यांतील चार खांबांवर बसवितात, म्हणजे तो चौरंगच झाला. एक खांब आंखूड असला तर बोर्ड डगमगावयास हवा. पण तो डगमगत नाहीं, कारण चौथा स्क्रू त्याला बळेंच खालीं ओढतो. बोर्ड वाकतो, आणि वाकलेला आहे हें डोळ्यांस दिसतहि नाहीं. बोर्डावर चिनीमातीच्या थरांचे लहान लहान कपॅसिटर झाळलेले असतात. ते दाब सोसतात, वांक सोसत नाहींत. त्यांच्या पोटांत केसाहून बारीक तडा जातो. कारखान्यांत तपासणी होते, यंत्र चालतें, पेटी बंद होते, शिक्का बसतो. पुढें कित्येक महिन्यांनीं पावसाळ्याची दमट हवा त्या तड्यांत शिरते, किंवा उन्हाळ्यांत तो थोडा रुंदावतो, आणि यंत्र बंद पडतें. दुरुस्ती करणारा विजेचा दोष शोधीत बसतो. खरा दोष एका आंखूड खांबाचा असतो. म्हणून जाणकार अशा कपॅसिटरांना स्क्रूच्या भोंकांपासून दूर ठेवतात, खांब एकाच उंचीचे निवडून घेतात, आणि स्क्रू एकदम आवळीत नाहींत. आधीं चारहि स्क्रू सैल लावावयाचे, मग समोरासमोरचे दोन, नंतर उरलेले दोन, थोडे थोडे आवळीत जावयाचें. सायकलच्या चाकाच्या तारा ओढणारा मिस्त्री नेमकें हेंच करतो.

तिसरें सूत्र आडव्या जुळणीचें आहे, आणि तें सर्वांत महत्त्वाचें. बोर्ड नेमक्या जागीं यावा म्हणून पेटीच्या तळांत दोन खुंट्या आणि बोर्डाला दोन भोंकें ठेवलीं आहेत असें समजा. दोन्ही भोंकें वाटोळीं व घट्ट ठेवलीं, तर दोन खुंट्यांतील अंतर आणि दोन भोंकांतील अंतर तंतोतंत एक असावें लागतें. तसें तें कधींच नसतें. मग बोर्ड एक तर बसतच नाहीं, किंवा बसवणारा तो ठोकून बसवितो. दोन धनी एकाच नोकराला दोन निराळे हुकूम देऊं लागले म्हणजे जें होतें, तेंच येथें होतें. उपाय साधा आहे: एक भोंक वाटोळें व नेटकें करावें आणि दुसरें लांबट करावें, लांबी पहिल्या भोंकाच्या दिशेनें असावी. पहिली खुंटी बोर्डाची जागा ठरविते, दुसरी त्याला फिरूं देत नाहीं. अंतरांतील फरक लांबट भोंक गिळून टाकतें. उरलेलीं सारीं भोंकें सैल ठेवावीं. तीन मिलिमीटरच्या स्क्रूला ३.२ किंवा ३.४ मिलिमीटरचें भोंक पाडतात तें याचसाठीं. स्क्रूचें काम धरून ठेवण्याचें आहे. जागा ठरविण्याचें नाहीं.

हीच गोष्ट छापखान्याला फार दिवसांपासून ठाऊक आहे. यंत्रांत कागद शिरतो तेव्हां तो पुढच्या बाजूला दोन अडसरांना टेकतो आणि एका बगलेला एका अडसराला, असे तीनच. चौथा अडसर लावला तर कागद नीट बसण्याऐवजीं सुरकुततो. आणि दुसरा रंग छापतांना तोच कागद त्याच कडेवर, त्याच बगलेला टेकवून घालावा लागतो. कोणी चुकून कागद फिरवून घातला, तर यंत्र कितीहि उत्तम असलें तरी रजिस्टर बसत नाहीं. कारण पहिल्या छापानें एक कड प्रमाण मानली आणि दुसऱ्यानें दुसरी. सर्किट-बोर्डांच्या मनोऱ्यांतहि सर्व मजल्यांनीं एकच कोपरा, एकच खुंटी प्रमाण मानावी लागते. तळमजला डाव्या कोपऱ्यावरून मोजला आणि वरचा मजला उजव्या, तर प्रत्येक बोर्ड स्वतःपुरता निर्दोष असूनहि मनोरा वांकडा होतो. कारखान्यांत पुष्कळसे वाद याच ठिकाणीं उभे राहतात. प्रत्येक विभाग आपापलें माप दाखवून सांगतो कीं आमची चूक नाहीं, आणि प्रत्येकाचें म्हणणें खरें असतें.

दोन मजल्यांना जोडणाऱ्या पिनांच्या कनेक्टरासंबंधीं एक इशारा आवश्यक आहे. कनेक्टर घट्ट बसतो, म्हणून त्याच्याच आधारावर वरचा बोर्ड ठेवण्याचा मोह होतो. पण त्याचें काम वीज नेण्याचें आहे, भार वाहण्याचें नाहीं. भार त्याच्यावर पडला कीं तो ताण पिनांच्या मुळाशीं असलेल्या सोल्डरच्या टांक्यांवर जातो, आणि टांके हळूहळू सुटूं लागतात. भार खांबांनीं घ्यावा. शिवाय एका बोर्डावर दोन दूरदूरचे कनेक्टर ठेवले तर ते पुन्हां दोन धन्यांसारखे भांडतात. म्हणून त्यांपैकीं एक थोडा हलूं शकेल असा वापरतात.

उष्णता आणि हादरे हे या जुळणीचे दोन छुपे शत्रु होत. शंभर मिलिमीटर लांबीचा बोर्ड ॲल्युमिनियमच्या तळाला दोन्ही टोकांस घट्ट जखडला आणि पेटी ५० अंशांनीं तापली, तर ॲल्युमिनियम सुमारें ०.११५ मिलिमीटर वाढतें, बोर्ड सुमारें ०.०७५. फरक केवळ ०.०४ मिलिमीटरचा, परंतु दिवसा तापणें व रात्रीं निवणें वर्षानुवर्षें चालू राहिलें म्हणजे तेवढाच फरक टांके थकवितो. लांबट भोंक येथेंहि उपयोगी पडतें. हादऱ्यांची गोष्ट रेल्वेवरून ध्यानांत येईल. नाशिकरोडहून मुंबईकडे जाणारी गाडी इगतपुरीपुढें कसारा घाट उतरते. तेथील उतार ३७ फुटांस एक फूट इतका आहे. अशा मार्गावर धांवणाऱ्या आजच्या विजेच्या एंजिनांतहि सर्किट-बोर्ड असतात. मात्र ते बहुधा मजल्यांसारखे न रचतां, पुस्तकें कपाटांत लावावीं तसे खांचांतून सरकवून उभे बसवितात. दोन्ही कडा खांचेंत धरल्या गेल्यामुळें बोर्ड थरथरत नाहीं, आणि एक बिघडला तर तेवढाच ओढून काढतां येतो. मनोऱ्यांत तळचा बोर्ड बिघडला तर वरचे सारे मजले उतरवावे लागतात. जागा वाचवावी कीं दुरुस्ती सोपी ठेवावी, हा निवाडा यंत्र करणाऱ्यानें आरंभींच करावयाचा असतो.

आतां ज्या पेटींत स्क्रू नाहीं, खांब नाहीं, आणि जी दुरुस्तीसाठीं उघडतांहि येत नाहीं, अशा पेटीकडे वळूं. जून २००८ मध्यें त्या वेळच्या राष्ट्रपति प्रतिभा पाटील यांस देशांतील पहिला ई-पासपोर्ट देण्यांत आला. त्याच्या सिद्धतेंत नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसबरोबर कानपूरच्या आय. आय. टी. चा व सरकारच्या राष्ट्रीय सूचना केंद्राचा हात होता. पुढें सामान्य नागरिकांसाठीं १ एप्रिल २०२४ पासून प्रायोगिक वाटप सुरू झालें. आरंभींच्या कार्यालयांत नागपूरचें कार्यालय होतें. पुढच्या कव्हरावरील लहानशा सोनेरी चिन्हावरून ही पुस्तिका ओळखूं येते. तिचा आकार १२५ बाय ८८ मिलिमीटर, आणि तिच्या थरांत एक चिप व तारेच्या वेढ्यांचा एक अँटेना दडवून ठेवलेला असतो. तिला बॅटरी नाहीं. अधिकाऱ्याच्या वाचनयंत्रानें १३.५६ मेगॅहर्ट्झच्या लहरी सोडल्या कीं अँटेन्यांत वीज उत्पन्न होते, चिप जागी होते, आणि कांहीं सेंटिमीटरांवरून आपल्या पोटांतील मजकूर सांगूं लागते.

या पेटीचीं सूत्रें वरच्यासारखींच आहेत, फक्त अधिक कठोर. चिपला जाडी आहे, म्हणून तिच्याभोंवतीं थरांत तेवढी जागा नसेल तर ती फुगवट्यासारखी वर येईल आणि प्रत्येक शिक्क्याचा मार तिलाच बसेल. अँटेन्याची तार पुस्तिकेच्या शिवणीच्या रेषेंत गेली तर सुई तिला तोडील. वेढे जरासे सरकले, तर वाचनयंत्राशीं त्यांचा सूर जुळणार नाहीं. आणि स्क्रूऐवजीं येथें चिकटवण असल्यामुळें एकदां चुकलेला थर सैल करून पुन्हां बसविण्याची सोय नाहीं. प्रौढ माणसाचा पासपोर्ट १० वर्षें चालावयाचा असतो. तेवढा काळ ही पेटी खिशांत वांकते, पिशवींत दबते, घामानें दमट होते, आणि तरीहि तिच्या आंतील टांके अभंग राहावे लागतात.

या पुस्तिकेंत आणखी एक रजिस्टर आहे, तें डोळ्यांस दिसत नाहीं. पानावर छापलेलें नांव, जन्मतारीख व छायाचित्र, आणि चिपमध्यें सांठविलेलें नांव, जन्मतारीख व छायाचित्र, हीं दोन्हीं एकमेकांवर तंतोतंत बसावीं लागतात. चिपमधील मजकुरावर सरकारची गणिती सही असते. त्यांतील एक अक्षर बदललें तरी सही जुळत नाहीं. खोट्या पासपोर्टाच्या धंद्यावर हा मोठाच आघात आहे, कारण पान बदलणारा चिप बदलूं शकत नाहीं. मात्र हा लाभ चिप बोलली तरच. ती मुकी झाली तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें पासपोर्ट रद्द ठरत नाहीं; परंतु अधिकाऱ्याला छापील पानावरच भिस्त ठेवावी लागते. मुलाकडे निघालेली वृद्ध माता परक्या देशांत, परक्या भाषेच्या खिडकीपाशीं उभी आहे, मागची रांग पुढें सरकत नाहीं, आणि अधिकारी पुस्तिका पुन्हां पुन्हां यंत्रावर ठेवून पाहात आहे. अशा वेळीं तिला कोणी सांगूं शकत नाहीं कीं हा खोळंबा तिच्या सचोटीचा नाहीं, एका टांक्याचा आहे. थर जुळविणाऱ्याच्या हाताला असा हजारों कोसांवरचा माणूस जोडलेला असतो.

म्हणून अशी पुस्तिका ज्या घरांत असेल तेथें ती वांकवून खिशांत कोंबूं नये, तिला टाचणी किंवा स्टेपलरची पिन लावूं नये, तिच्यावर जड वस्तु ठेवूं नये, आणि ती पाण्यांत भिजूं देऊं नये. आणि ज्या घरांतील मुलांना जुन्या पेट्या उघडण्याचा नाद असेल, त्यांना अडवूं नये. फक्त उघडण्यापूर्वीं पेटीचा विजेचा संबंध तोडलेला आहे, याची वडील माणसानें खात्री करून घ्यावी. जोराचा दाब वापरणाऱ्या पेट्या, म्हणजे दूरचित्रवाणीची जुनी पेटी किंवा इन्व्हर्टर, मुलांच्या हातीं मुळींच देऊं नयेत. त्यांत वीज बंद केल्यावरहि भार शिल्लक असतो. उघडलेल्या पेटींत मुलांना एक शोध करावयास सांगावें: वाटोळें भोंक कोणतें, लांबट कोणतें, आणि सर्व थरांनीं प्रमाण मानलेला कोपरा कोणता. तो कोपरा ज्याला सांपडला, त्याला ती पेटी पुन्हां नीट बंदहि करतां येईल.